पडद्यावरचं घर

"आई, खेळ ना," म्हणत केतकीने माऊस माझ्या हातात दिला. ऑटिझम असलेल्या मुलांना नोकरीसाठी गेम बनवायला शिकवणाऱ्या कार्यशाळेचा शेवटचा दिवस होता. तिच्या गेममध्ये आमचंच घर होतं. भिंतीवर माझा फोटो आणि त्याला हार.

"अगं, मी कुठे गेले?"

"तू मेलीस. आता मी एकटी उठते, गॅस बंद करते, कामाला जाते. चुकलं की परत करायचं."

"काकू, हिचं सगळं रोखठोक," शिकवणारे सर ओशाळून हसले. "पण एका गेम कंपनीने तिला नोकरीवर घेतलंय हं."

मी खेळत राहिले. पडद्यावरची केतकी कुलूप लावून निघाली. आत, रिकाम्या घरात, फोटोतली मी तेवढी उरले.

संध्याकाळी देवापुढे बसले. केतकीला माझ्याआधी ने, हे रोजचं मागणं आज तोंडातून निघेना.