आधी मिस्त्री

लिफ्टचं दार उघडं होतं, आतला दिवा जळत होता, आणि आत कोणी शिरत नव्हतं.

बाहेर चौघं उभी होती. सोसायटीचे सेक्रेटरी, हातात पेन. चौथ्या मजल्यावरच्या काकू, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. लिफ्ट कंपनीचे साहेब, वयानं मिस्त्रींच्या मुलाएवढे, एका हातात टॅब आणि दुसऱ्यात कागद. आणि लिफ्टचे मिस्त्री, ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, कारण काम संपलं होतं.

या इमारतीचा बावीस वर्षांचा एक नियम होता. लिफ्टला दुरुस्तीचा हात लागला की आधी मिस्त्रींनी एकट्यानं वरपर्यंत जाऊन यायचं. खाली आल्यावर ते बोलत काहीच नसत, फक्त फडक्याला हात पुसत. त्यांनी हात पुसले की लोक आत शिरत. नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच पाळला जात होता.

"चला की मिस्त्री," काकू म्हणाल्या. "पिशव्यांनी बोटं तुटायला आली माझी."

मिस्त्री पाऊल उचलणार, तोच साहेबांनी हात आडवा केला.

"आता त्याची गरज नाही. लिफ्ट स्वतःच स्वतःला तपासते. मिनिटामिनिटाला ऑफिसात खबर जाते. हे बघा, सगळं हिरवं."

ही तपासणी करणारी नवी पेटी मिस्त्रींनीच तीन दिवस खपून बसवली होती. चोख बसवली होती. वाईट काम करायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, की कागदावर सेक्रेटरींची सही झाली की पुढच्या महिन्यापासून मिस्त्रींची फेरी बंद. चाळीस इमारती एकच माणूस खुर्चीत बसून बघेल.

"कोण माणूस?" मिस्त्रींनी विचारलं होतं.

"ते अजून ठरायचंय."

"आणि खुर्ची?"

"खुर्ची आली."

मिस्त्रींच्या निवृत्तीला चार वर्षं होती. गुडघे तेवढे आधीच निवृत्त झाले होते.

"कलम सात," साहेब आता कागदावरून वाचत होते. "कर्मचाऱ्याने चाचणीसाठी लिफ्टमध्ये बसू नये. त्यामागे विचार आहे, काकू. आमचाच माणूस बसून बघायला लागला, तर लोकांना वाटेल आमचाच आमच्या यंत्रावर विश्वास नाही."

"मी काही जुन्या वळणाची नाही हो," काकू म्हणाल्या. "नातवाशी रोज फोनवर बोलते, चेहरा बघून. पण फोन खाली पडला तर त्याच्यात मी नसते."

"काकू, जग कुठे चाललंय!" सेक्रेटरी म्हणाले. "मी बँक, वीजबिल, डॉक्टर, सगळं मोबाइलवर करतो. विश्वास ठेवावाच लागतो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "कुठे करायची सही?"

"मग बसा ना तुम्ही," काकू म्हणाल्या.

"मी? मी तळमजल्यावर राहतो."

साहेबांनी कागद पुढे केला आणि बोटानं सहीची जागा दाखवली. मिस्त्रींनी पेनाच्या टोकाकडे पाहिलं, खाकरले, आणि जिन्याकडे वळले.

"कुठे निघालात?" काकूंनी विचारलं.

"गच्चीवर. पक्कड राहिलीय मशीनच्या खोलीत."

पक्कड वर राहिली होती हे खरं होतं. दोन वर्षं ती तिथेच होती.

"अहो, पण लिफ्ट आहे की समोर!"

"मला बसायला मनाई आहे, काकू," मिस्त्री अदबीनं म्हणाले. "कलम सात."

आणि कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, ते चढू लागले. काकूंनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग लिफ्टकडे पाहिलं. मग पिशव्या सावरल्या आणि त्यांच्या मागोमाग जिना धरला.

सेक्रेटरींचं पेन कागदाच्या वर थांबलं.

"एकदा तुम्हीच जाऊन या ना, साहेब," त्यांचा आवाज मिस्त्रींना पहिल्या वळणावर ऐकू आला. "नुसतं वर आणि खाली. लगेच सही करतो."

"अहो, त्यात काय! सगळं हिरवं आहे."

मग खालून टक् असा आवाज आला. पाय ठेवला की लिफ्ट किंचित दबते, तेव्हा असा आवाज होतो. जगातली कुठलीही धडधाकट लिफ्ट तो करते. मिस्त्री बावीस वर्षं तो ऐकत होते. साहेब बहुधा पहिल्यांदाच ऐकत असावेत. कारण लगेच दुसरा टक् झाला. पाय बाहेर आल्याचा.

मिस्त्री पायरीवर बसले. शेजारी काकूही पिशव्या ठेवून टेकल्या.

"काय हो, बिघाड आहे का काही?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे! उत्तम आहे. मीच बसवलंय."

"मग सांगत का नाही?"

"कोणी विचारलंच नाही. तुम्ही पहिल्या."

"मिस्त्री!" जिन्यातून साहेबांची हाक वर आली. "पक्कड राहू दे. जरा खाली या. तुम्ही आधी बसून या."

"आलो असतो साहेब," मिस्त्री बसल्या जागेवरून म्हणाले. "पण कलम सात आहे ना."

काकूंच्या पिशवीतून एक टोमॅटो निसटला आणि एकेक पायरी उतरत खाली गेला.

"सेक्रेटरी," साहेब म्हणाले, "तुमचं पेन जरा देता का? एक ओळ खोडायचीय."