दावं

त्या नव्या टॅबनं समृद्धीला पार येडं केलं होतं. त्याचा स्क्रीन म्हणे कागदासारखा, भर उन्हात माळावर बसलं तरी अक्षर न् अक्षर दिसणार. म्हणजे शेळ्यांमागं हिंडताना मोबाईलवर ओढणीचा तंबू करून अभ्यास करायची कटकटच संपली! पुढच्या महिन्यात तो बाजारात येणार होता आणि दोन आठवडे ती आबांना त्याचे गुण ऐकवत होती. आबा नुसतं "हं" म्हणायचे. हो नाही की न्हाय नाही.

आज मोबाईलवर तिनं नवीनच वाचलं आणि तिचं तोंड उतरलं. आता घोडं इथंच अडणार.

"आबा, खोक्यात चार्जर देणार न्हाईत म्हणं. आपला आपण आणायचा. लोक लई नावं ठेवायलेत."

शेळीची धार काढता काढता आबा हसले. "त्यात काय नवल? जनावर इकणारा कधी दावं देतो व्हय? आपलं दावं त्यो ठिऊन घेतो. घेणाऱ्यानं आपलं घिऊन जायचं."

हात पुसून ते उठले आणि खुंटीवरच्या पिशवीतून त्यांनी एक पुडकं काढून तिच्या हातात दिलं. आत नवाकोरा चार्जर होता.

"परंड्याचा दुकानदार बोलला व्हता मला. गेल्या बाजारीच आणून ठिवलाय."

समृद्धी चार्जरकडं बघतच राहिली. जनावर पक्कं केल्याशिवाय आबांनी आजवर कधी दावं घेतलं नव्हतं.