सीटची उंची

दादा सहा फुटांहून उंच होता, आणि त्याच्या मोटरसायकलची सीट चार बोटे तासून खाली घेतलेली होती.

धाकट्या भावाने टेप पुन्हा लावून पाहिली. माप चुकले नव्हते. क्लचचा लिव्हरही मुठीच्या अगदी जवळ ओढलेला होता, आखूड बोटांना पोचेल असा. उभे आयुष्य प्रयोगशाळेत काढल्यामुळे न जुळणारे माप सोडून देणे त्याला जमत नसे.

"काय मोजताय, भावोजी? झबलं शिवायचंय का तिला?" वहिनी चहा घेऊन अंगणात आल्या होत्या.

"सीट इतकी खाली कशाला घेतली दादानं? गुडघे हनुवटीला लागत असतील."

"वाळूत पाय टेकायला बरं पडतं," वहिनी म्हणाल्या आणि कप पायरीवर ठेवून आत वळल्या.

दादाला जाऊन वर्ष झाले होते. त्याआधी प्रत्येक सुट्टीत दोघे भाऊ आतल्या मेजावर एका परक्या देशाचा नकाशा पसरून बसत. डांबर संपते तिथून त्यांची वाट सुरू होई: आधी खडकाळ पठार, मग वाळू, मग पूल नसलेल्या नद्या. दादा पेशाने नकाशे काढणारा. उंचीच्या रेषांवरून बोट फिरवत तो नदी कुठे उथळ असेल ते सांगे, आणि धाकट्याला चहा गार झाल्याचेही भान राहत नसे.

दादा-वहिनींच्या तरुणपणीच्या सफरी तर घरात गाजलेल्या. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून दादा पहाटे गाडी सुरू न करता गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेई. मागून सामान घेऊन वहिनी. धाकटा खिडकीच्या गजांना नाक लावून पाहत राही. "मला शिकव ना," म्हणून त्याने किती नाकदुऱ्या काढल्या. दादाचे उत्तर ठरलेले असे: "माझ्याकडून शिकलास तर दात पाडून घेशील!" शेवटी तो मित्राच्या गाडीवर शिकला.

आता दादाने आखलेल्या वाटेने, दादाच्याच गाडीवर, त्याला जायचे होते. गाडी या आठवड्यात जहाजावर चढली नाही, तर तिकडे बर्फ पडून वाट बंद होणार होती. पुढच्या वर्षी आपले गुडघे साथ देतील याची खात्री त्याला नव्हती. अडले होते ते वहिनींच्या होकारापाशी.

तो रिकामा कप घेऊन आत गेला. "वहिनी, दादाची राहिलेली इच्छा आहे ही."

"ठाऊक आहे. म्हणूनच गाडी देणार नाही."

"मी जपून चालवीन."

"जपून चालवणाराच वाळूत रुततो. भ्यायलात, रेस कमी केलीत, की पुढचं चाक गाडलंच."

"हे दादा सांगायचा?"

"वाळू सांगते," वहिनी म्हणाल्या.

नवऱ्याची शेवटची वस्तू दाराबाहेर जाऊ द्यायला बाईचा जीव धजत नसेल. दुःखाला कारण विचारायचे नाही, असे त्याने ठरवले. सीटला विचारायला मात्र हरकत नव्हती.

"एवढंच सांगा. ही सीट तासली कुणी?"

वहिनींनी ओले हात पुसले. खुंटीवरची किल्ली काढली. "नकाशा घ्या आणि बाहेर या."

अंगणात त्यांनी सहज टांग टाकली. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. पहिल्याच किकला इंजिन धडधडू लागले.

"गाडी मी देत नाही, भावोजी. नेते. पण नकाशा वाचणारा हवा. बसा मागे. वाऱ्यात ऐकू येत नाही, तेव्हा डावीकडे जायचं तर डाव्या खांद्यावर दोन बोटं वाजवा, उजवीकडे तर उजव्या. आणि उताराला ह्यांच्यासारखे डोळे मिटू नका, नाहीतर वळण चुकतं!"

नकाशा छातीशी धरून तो मागे बसला.

दादाला मोटरसायकल कधीच चालवता येत नव्हती.