राणीचा झगा

राणीच्या झग्याचे हूक कधीच तुटले होते, म्हणून बागेतल्या नाटकाच्या प्रत्येक उन्हाळी प्रयोगाआधी आई तो लेकीच्या अंगावरच शिवायची. अकरा उन्हाळे राणी तीच. यंदा तिला परगावच्या नोकरीचं पत्र आलं होतं. "प्रयोग संपला की दिग्दर्शक काकांना सांगूनच टाकते, हा शेवटचा," शिवून घेताना ती म्हणाली. पण प्रयोगानंतर काकांनी तिला हाताला धरून पुढे आणलं आणि तिने तोंड उघडायच्या आत जाहीर केलं, "पुढच्या वर्षीही राणी हीच!" टाळ्या थांबेनात. पडद्यामागे येताच ती रडकुंडीला आली. "आई, कात्री आण. जीव गुदमरतोय." "कात्री कशाला? आज मी गाठ मारलीच नाही. दोरा ओढ, सुटशील." तिने पाठीमागे दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. बाहेरून काकांची हाक आली, "राणीसाहेब, लोक थांबलेत!" टोक तिने आईच्या हातात दिलं. "गाठ मार."