ताईचं जाकीट

“काढ ते जाकीट. माझं घाल. आणि दात काय काढतेस?”

ताई दातओठ खात बोलली आणि बोलल्याबोलल्या कपाळ धरून मोटारसायकलच्या सीटवर टेकली. डोक्यात कोणी घण घालत होतं. सकाळपासून पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. समोर तिची भावजय मात्र खुदूखुदू हसत उभी होती. बडबडीमुळे घरात सगळे तिला मैना म्हणत. आत्ता हसू कशाचं, तर म्हणे रांगेतला शेवटचा तंबू कुबड काढून बसलाय. हाच विनोद तिनं चहाच्या वेळीही सांगितला होता.

बायकांच्या मोटारसायकल रॅलीचा शेवटचा टप्पा होता. इथून वर खिंड. खिंडीत पोचलं की रॅली पुरी. पण इतक्या उंचावर हवा विरळ, म्हणून डॉक्टरबाईंनी तपासल्याशिवाय कोणाला वर सोडत नव्हते. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावायचं, रक्तात ऑक्सिजन किती ते बघायचं. आकडा बरा असला तर वर, नाहीतर मुकाट्यानं खाली. गेल्या वर्षी ताईला इथूनच खाली धाडलं होतं. तेव्हापासून क्लबातल्या बायका तिला ‘अर्धी खिंड’ म्हणून हाक मारायच्या. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेली बाई, ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण, आणि तिला हे नाव! यंदा मेली तरी ती माघारी जाणार नव्हती.

आणि ही मैना! गेल्या वर्षी हिला क्लच कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. ताईनंच शिकवलं. निघताना भाऊ ताईला पुन्हा पुन्हा बजावत होता, “ताई, तिला सांभाळ गं. दिवसभर बडबडेल, पण स्वतःचं दुखलंखुपलं सांगायची नाही.” सांभाळायचं काय, कपाळ? इथं गुरूचं डोकं फुटायची पाळी आली होती आणि चेला ठणठणीत. डोकेदुखी नाही, मळमळ नाही. जरा खोकत होती, पण या धुळीत खोकत कोण नव्हतं? गुरूपेक्षा चेला सवाई म्हणतात तो हाच, असं वाटून ताईला मनातून तिचा रागच आला.

पण राग धरून चालणार नव्हतं. तिचं बोट हवं होतं.

“आधी माझ्या जाकिटावरच्या नंबरावर जाऊन ये. मग जाकिटं बदलू, मग तुझ्या नंबरावर जा. कळलं?”

“अय्या! म्हणजे मी दोनदा पास!” मैनानं टाळी वाजवली. वाजवायला गेली, पण एक हात चुकला.

जाकिटाची चेनही तिला लागेना. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा ताईनंच करवादत ती गळ्यापर्यंत ओढून दिली. वर माकडटोपी, गॉगल. आता खुद्द भावानंही बायकोला ओळखलं नसतं. मैना डॉक्टरांच्या गाडीकडे निघाली, तीसुद्धा झोकांड्या देत. नखरे नुसते, ताई पुटपुटली.

वारा असा सुटला होता की डॉक्टरबाई गाडीच्या काचा लावून आत बसल्या होत्या. एक काच तेवढी चार बोटं खाली. बाहेरून छातीवरचा नंबर दाखवायचा आणि फटीतून हात आत घालायचा. मैनानं हात घातला. ताई मालाच्या ट्रकआडून बघत होती. हात बराच वेळ आतच राहिला. मग दुसरा हात मागितला.

“काय म्हणाल्या?” मैना परत आल्यावर ताईनं विचारलं.

“म्हणाल्या, इथंच थांबा. मी कशाला थांबते!” मैनाला पुन्हा हसू फुटलं.

झालं! काहीतरी बिनसलं होतं. ताईनं घाईघाईनं जाकिटं बदलली, स्वतःची चेन लावली, आणि तेवढ्यात गाडीचं दार धाडकन उघडलं. डॉक्टरबाई ऑक्सिजनचं सिलिंडर काखेत मारून धावत आल्या. ताईच्या छातीवरचा नंबर त्यांनी पाहिला, तिला दंडाला धरून खाली बसवलं आणि ती तोंड उघडायच्या आत मास्क चढवला.

“अहो बाई, चालत कशा गेलात तुम्ही? अजिबात बोलू नका. हा आकडा घेऊन माणूस उभा राहत नाही! आत्ता खाली नेलं नाही तर संध्याकाळ दिसायची नाही तुम्हाला. ड्रायव्हर, गाडी वळवा!”

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळ दिसायची नाही? आई गं! साधी डोकेदुखी, साधी डोकेदुखी म्हणता म्हणता आपण मरायला टेकलो की काय! घर आठवलं, नवरा आठवला, कशासाठी हा आटापिटा केला असं होऊन गेलं. खिंड गेली खड्ड्यात, फक्त जगू दे, एवढंच ती मनात घोकत राहिली. रडता रडता तिनं मास्कमधून मोठाले श्वास ओढले. हळूहळू घणाचे घाव कमी झाले, डोकं जरा चालायला लागलं. आणि ती नखशिखांत हादरली.

डॉक्टरबाई मैनाला विचारत होत्या, “तुम्ही यांच्याबरोबरच्या ना? तुम्ही ठीक आहात?”

“मी? एकदम मस्त!” मैना म्हणाली. जाकीट बदलताना तिची माकडटोपी निघाली होती. ओठ जांभळे पडले होते. गुपित फुटू नये म्हणून तिनं ताईकडे बघून हळूच डोळा मारला.

ताईनं तोंडावरचा मास्क ओरबाडून काढला.

“मला नको, हिला लावा!” ती किंचाळली. “अहो, बोट हिचं होतं!”