तांबडा दोरा

खट्. खट्.

पाचवं पाऊल. भरमूनं वॉकर पुढं टेकवला. बिछान्यापासून हातमागापर्यंत सतरा पावलं. मागाच्या खड्ड्यातून वर येताना तो घसरला होता. खुब्यात सळी घातल्याला आज चाळिसावा दिवस. माग त्याचा. पण त्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली मनुबाई, त्याची बायको.

सहावं. चाळीस वर्षं ती आतल्या खोलीत चरख्यावर सुताच्या कांड्या भरत आली. मागावर कधी बसली नाही. त्यानं बसू दिलं नाही.

सातवं. आठवं. गेले बारा दिवस ती बसत होती आणि मागाचा खट् खट् आवाज चुकत नव्हता. हेच त्याला सोसत नव्हतं. एकदा तरी अडखळावं. आडवा धागा नेणारा धोटा तरी पडावा. उशीला कान लावून तो वाट बघायचा.

खट्. खट्.

अकरावं. काल साड्यांच्या दुकानातून नागेंद्र आला होता. त्यानं कापडावर हात फिरवला. ‘काकी, लई मऊ बसलंय की!’ अख्ख्या शहापुरात भरमूच्या कापडाला असं कुणी म्हटलं नव्हतं. नंतर तिनं आणून दिलेला चहा भरमूनं तसाच गार होऊ दिला.

बारा. दम.

डॉक्टर म्हणाले होते, खाली बसायचं नाही. खड्ड्यात तर कधीच नाही. त्यातलं ‘कधीच’ त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

सतरा.

आवाज थांबला.

‘अगंबाई, एकटंच आलासा?’

‘गुंडाळी सोड. बघू दे.’

विणून झालेलं कापड तिनं उलटं सोडत नेलं. जांभळं कापड त्याच्या नजरेखालून सरकलं. वीतभर. हातभर. दहा हात. कुठंच काही नाही. त्याचं तोंड कडू झालं.

मग सापडलं. चार बोटं रुंद पट्टा. धोट्यानं धागे चुकवलेले, जागोजागी सुटे. पायाखालची फळी पुरती दबली नाही की असंच होतं.

भरमूचा चेहरा उजळला.

‘हितनं तू बसलीस! बघ की. पाय हलका. बाईमाणसाचा पाय.’

मनुबाईनं काठ वर उचलला. काठात तांबडा दोरा बांधलेला होता. मागावरचा हात बदलला की काठाला तांबडा दोरा बांधायचा, ही या घरातली रीत. भरमूच्या बापानं घातलेली.

दोऱ्याच्या अलीकडं सगळं तिचं. पट्टा पलीकडं होता.

‘तुमी पडायच्या आदल्या आठवड्यातला हाय त्यो,’ ती हळू म्हणाली. ‘पाय पोचत नव्हता तुमचा. कांड्या भरता भरता मला आयकू यायचं.’

‘मग बोलली न्हाईस?’

‘तुमी मानलं असतं व्हय?’

भरमू वॉकरच्या मुठी आवळून उभा राहिला. पट्ट्यावर बोट ठेवलं. उचललं. भिंतीकडच्या टेबल-खुर्चीकडं बघितलं.

‘चरखा त्या टेबलावर मांड. मी बसतो,’ तो म्हणाला. ‘तुझ्या कांड्या पयल्यापास्नं सैल.’