कुंपणाखालची कोरांटी

खुरपं घेऊन थोरली जाऊ कुंपणाशी कशीबशी टेकली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कित्येक महिन्यांनी ती परसात आली होती, आणि पाहते तर काय, तिच्या कोरांटीचे फुटवे तारेखालून धाकटीच्या परसात जाऊन पिवळेधमक फुललेले! वाटण्या झाल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं. "मेलं झाडसुद्धा फितूर," ती पुटपुटली आणि फुटवे उपटायला तिनं पलीकडे हात घातला.

हाताला गार चिखल लागला. एवढ्या उन्हात? फुटव्यांभोवती निगुतीनं केलेलं आळं होतं.

पलीकडे कळशी घेऊन धाकटी उभी होती.

"तुम्ही अंथरुणावर. झाड सुकायला लागलं. तुमच्या परसात पाय कसा टाकू? म्हणून इथूनच पाणी घातलं. ओल बघून मुळं इकडे आली, जाऊबाई. न्या उपटून."

थोरलीनं खुरपं बाजूला ठेवलं. धाकटी नवी नवरी होऊन आली, तेव्हा याच फुलांची वेणी थोरलीनंच तिला माळली होती.

"वेणी करता येते का गं अजून?"

"येते. पण माळायला माझे केस कुठे राहिलेत?"

"माझे आहेत थोडे. ये इकडे."